भिंत आहे, काका

रोशनी सोमकुवर जिथं काम करते त्या ऑफिसला वस्तीतले लोक 'विलायती कोर्ट' म्हणतात. तिनं शंभरदा समजावून सांगितलं की बाबांनो, ते कोर्ट नाही, लंडनच्या वकिलांची कंपनी आहे. तिथं जज बसत नाही, तारीख पडत नाही, कुणाला जेल होत नाही. पण ऐकतो कोण! नालीवरून शेजारणीशी वाजलं की बायका थेट हिच्या दारात. "तुमच्या विलायती कोर्टात एक अर्ज टाकून पाहा ना वं!" रोशनी हसायची, चहा पाजायची आणि समजूत घालून परत पाठवायची. मुळातच हसरी पोरगी. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तिचं हसू असं काही आटलं की तिच्या आईनं, कौसल्याबाईनं, तिला धरून डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासून झालं, शुगर तपासून झाली. काही म्हणता काही निघालं नाही.

निघणार कुठून? तिला झालं होतं काय, ते सांगायचं तर आधी धम्मानंदकाकांची ओळख करून द्यायला हवी.

धम्मानंद गणवीर म्हणजे रोशनीचे कुणीच नव्हेत. ना चुलते, ना मामा, ना लांबचे सोयरे. रोशनीचे वडील रविंद्र हिंगण्याच्या कारखान्यांची बस चालवत आणि धम्मानंद ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून रोज त्याच बसनं कामाला जात. ट्रॅक्टरचे गिअर बनवणारी कंपनी होती, तिथं ते फिटर. जाता-येता दोघांच्या गप्पा, एवढीच काय ती ओळख. रोशनी सहावीत असताना रविंद्र काविळीनं गेला. ऐन मे महिना होता. चार दिवसांनी नातेवाईक आपापल्या गावी पांगले, घरात मायलेकी उरल्या, आणि संध्याकाळी धम्मानंद कंपनीच्या निळ्या कपड्यांतच दारात उभे. "कूलरमंदी पाणी भरतो," म्हणाले, "रविंद्र भरत होता ना रोज." नळाला पाइप लावला, टाकी भरली, निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यानंतर आजतागायत त्या घरच्या कूलरमध्ये दुसऱ्या कुणी पाणी भरलेलं नाही.

स्वतःला मूलबाळ नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडं घर, घरी काकू. रोशनी बारावी झाली तेव्हा काकांनीच तिला आपल्या लूनावर मागं बसवून नागपूरच्या सदर भागातल्या टायपिंग क्लासला नेलं. "मराठी टायपिंग करतो," ती म्हणाली होती. काका म्हणाले, "इंग्रजी कर. आमच्या कंपनीत जे कागद साहेबाच्या टेबलावर जातात ना, ते सगळे इंग्रजीत राहतात. टेबलाच्या त्या बाजूले जायचं आहे तुले." पुढं तिचं लग्न झालं, ते टिकलं नाही, मारणारा निघाला नवरा. तिला माहेरी परत आणायला तेच काका आणि तीच लूना. सासरच्या दारात उभं राहून कुणाला एक शब्द वाईट बोलले नाहीत. "चल वं पोरी, तुया घरी," एवढंच म्हणाले, आणि तिची पेटी पायाशी ठेवून गाडीला किक मारली.

असा हा माणूस. आता नात्याचं कुठलं नाव द्यायचं त्याला ते तुम्हीच ठरवा.

टायपिंग कामी आलं ते असं. सदरमध्ये एका पडद्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत लंडनच्या वकिलांनी आपलं इथलं ऑफिस थाटलं होतं. दहा-बारा पोरी कानाला यंत्र लावून बसायच्या. तिकडचा वकील तिकडच्या संध्याकाळी यंत्रात बोलून ठेवायचा, अगदी कॉमा-फुलस्टॉपसकट, आणि घरी जाऊन झोपायचा. तो घोरत असताना इकडं आपली सकाळ. पोरी ते सगळं टाइप करायच्या. तो उठून कोट चढवून ऑफिसात येतो तर टेबलावर कागद तयार! आहे ना मजा? मेहनत इथली आणि कोर्टात 'माय लर्नेड फ्रेंड' म्हणून मिरवणारा तिथला. पण रोशनीला काम आवडायचं. गोऱ्यांचे उच्चार तिला आधी कळेनात, मग असे कळायला लागले की बोलणारा सर्दीनं बेजार आहे की बायकोशी भांडून आलाय, हेसुद्धा ती सांगायची.

मग कंपनी फुगायला लागली. तिकडं एक वकील कंपनी दुसरीला गिळायची आणि इकडं सदरची पाटी बदलायची. आधी पाटीवर दोन आडनावं होती, मग चार झाली, मग अमेरिकेतलं एक येऊन चिकटलं. शेवटी कुणाचंच आडनाव राहिलं नाही, नुसता एक गुळगुळीत शब्द उरला. दोन खोल्यांचा मजला झाला, मजल्याची इमारत झाली आणि सगळं बिऱ्हाड विमानतळाजवळच्या मिहानमध्ये काचेच्या घरात गेलं. टायपिंग यंत्रं करायला लागली. सोबतच्या कित्येक पोरी गेल्या. रोशनी टिकली, कारण तिला 'दोन्ही बाजू' बघायच्या कामावर घेतलं होतं.

हे काम सोपं आहे समजायला. वकिलाला एकाच भांडणात दोन्हीकडून उभं राहता येत नाही. नवं काम आलं की आधी बघायचं, ज्याच्या विरुद्ध आपण उभं राहणार तो आपल्याच दुसऱ्या कुठल्या ऑफिसचा पक्षकार तर नाही? पाच-पन्नास देशांत ऑफिसं झाली म्हटल्यावर हे बघणं म्हणजे डोकेदुखीच. ते बघून झालं की भिंत उभी राहते. ना विटा ना सिमेंट. भिंत म्हणजे नियम. ज्यांना त्या कामातलं गुपित ठाऊक आहे ते आत, बाकी सगळं जग बाहेर. आतल्यानं बाहेरच्याला एक अक्षर सांगायचं नाही. डबा खाताना नाही, घरी नाही, झोपेत बडबडायची सवय असेल तर तीही बंद करा.

आणि नियम नुसता भिंतीवर टांगायला नव्हता. ऑफिसातल्या एका पोराच्या मेव्हण्यानं एका कंपनीचे शेअर्स घाईघाईनं विकून टाकले, आणि आठवड्यात ती कंपनी बुडाल्याची बातमी आली. पोरगा रडत होता, "मी नाही सांगितलं हो त्याला काही." सांगितलं की नाही हे कुणी विचारत बसलंच नाही. मेव्हण्यानं काय केलं तेवढं बघितलं, आणि पोराची बॅग गेटबाहेर. पुढं कुठल्या वकिलानं त्याला दारात उभं केलं नाही. रोशनीनं घरी हा किस्सा सांगितला तेव्हा काका पाइप हातात धरून ऐकत होते. "बापा बापा," म्हणाले, "म्हणजे तोंडानं नाही बोललं तरी पायानं बोललं जाते."

घरात या भिंतीची चांगलीच चेष्टा चालायची. "आज काय काम केलं वं?" काका विचारायचे. "भिंत आहे, काका," रोशनी उत्तर द्यायची. मग तो घरचा शब्दच झाला. काकूंना भाजीत काय घातलं विचारा, "भिंत आहे." कौसल्याबाईला साडी केवढ्याला पडली विचारा, "भिंत आहे." जे आपल्यापाशी आहे पण सांगायचं नाही, ते भिंतीत.

तर मार्च संपता संपता नवीन काम आलं. असल्या कामांचं खरं नाव कुठं उच्चारायचं नसतं, टोपणनाव द्यायचं असतं, आणि ते द्यायचा मान नागपूरच्या पोरींनी पटकावला होता. आधीची कामं होती तर्री, पळस, कूलर. लंडनचे बुजुर्ग वकील मीटिंगमध्ये 'प्रोजेक्ट टॅरी' म्हणायचे तेव्हा या इकडं तोंड दाबून हसायच्या. या कामाला रोशनीच्या वरिष्ठ प्रीतीनं नाव दिलं कैरी. कुणीतरी परदेशी कंपनी दुसऱ्या परदेशी कंपनीचे जगभरातले गिअरचे कारखाने विकत घेत होती, आणि घेणाऱ्याचे वकील हे.

नियमाप्रमाणं प्रीतीनं एकेकीला आत बोलावून विचारलं, "या कंपन्यांत तुमचं कोणी आहे का? नवरा, आईवडील, मूलबाळ, सख्खे भाऊबहीण?" स्क्रीनवर कारखान्यांची गावं होती. जर्मनीतलं एक, ब्राझीलमधलं एक, आणि खाली बारीक अक्षरांत हिंगणा, नागपूर.

रोशनीनं ते दोनदा वाचलं. काकांची कंपनी! पण प्रश्न काय होता? नवरा, आईवडील, मूलबाळ, भाऊबहीण. यात काका कुठं बसतात? शिवाय कंपनी विकली जायची ही काही पहिली वेळ नव्हती. मागं दोनदा मालक बदलले, गेटवरचा रंग बदलला, काकांचं मशीन जागचं हललं नव्हतं. आपण उगाच 'शेजारचे काका आहेत' म्हणून सांगायचं आणि समोरच्यानं हसायचं.

"नाही," ती म्हणाली.

नियमानं खरं होतं ते. पण बाहेर येऊन खुर्चीत बसली तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली. ज्या माणसानं पेटी उचलून घरी आणलं त्याला एका शब्दात उडवून लावलं होतं तिनं.

पुढच्या आठवड्यात करारातली कलमं तपासताना तिला ते वाक्य दिसलं. वकिली इंग्रजी अशी असते की माणसाचा गळा कापला तरी रक्त दिसू नये. ताबा मिळाल्यावर हिंगण्याचं युनिट बंद करावं, यंत्रं इतरत्र हलवावीत, कामगारांचा कायद्याप्रमाणं हिशेब करावा. बस्स. अख्ख्या कारखान्याला एवढंसं वाक्य.

त्या दिवशी डबा तसाच परत आला. घरी पोचली तर काका कूलरच्या टाकीत पाइप सोडून उभे. "काहून वं, तोंड काहून उतरलं? ऊन लागलं का?" ती "हो" म्हणाली. काकूंनी लगेच कैरीचं पन्हं पाठवलं. कैरीचं! तिनं गिलास तसाच बाजूला ठेवला.

रोज सकाळी ऑफिसची गाडी तिला घ्यायला यायची तेव्हा चौकात काका कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असायचे. निळे कपडे, इस्त्री केलेले. हात हलवायचे. तिला वाटायचं गाडी थांबवावी, उतरावं आणि सांगून टाकावं. मग तो रडणारा पोरगा डोळ्यांपुढं यायचा. नोकरी गेली तर आईचं काय, आपलं काय? आणि नुसती नोकरी थोडीच? शपथ घातल्यासारखा शब्द दिला होता तिनं. एकदा तर ती प्रीतीकडं गेलीही. "मले या कामातून काढ ना." प्रीतीनं चष्मा वर केला. "काहून? काही झालं का?" झालं ते सांगायचं तर मग त्या दिवशी 'नाही' का म्हणालीस? "काही नाही, डोकं दुखते जरा," असं म्हणून ती परत जागेवर येऊन बसली. डोकं दुखतंय म्हणे! रात्रंदिवस काळीज कुरतडत होतं ते काय झालं?

तिनं स्वतःशी एक समजूत करून घेतली. काकांना सांगूनही काय होणार आहे? या वयात त्यांना दुसरं काम कोण देतंय? न सांगितल्यानं त्यांचं काही बिघडत नाही. या समजुतीवर तिनं कसेबसे काही दिवस काढले.

आणि ती समजूतही गेली. एका रविवारी काका भिवापूरहून मिरच्यांची थैली घेऊन आले. कौसल्याबाई खूश, वर्षाच्या तिखटाची सोय झाली. लगेच गच्चीवर धोतर पसरून मिरच्या वाळत घातल्या. काका खाली येऊन पंख्याखाली बसले. "मारोतराव भेटला," म्हणाले. मारोतराव म्हणजे त्यांचा कंपनीतला जुना जोडीदार, आता भिवापूरला एका खाजगी आयटीआयचा कारभार बघत होता. "तो म्हणते, फिटरच्या पोरायले शिकवाले ये. पक्की जागा आहे, राह्यले खोली आहे. पुढच्या रविवारपर्यंत सांग म्हणते, नाहीतर दुसरा पाह्यतो."

"काही गरज नाही," कौसल्याबाई म्हणाली. "बसल्या जागची परमनंट नोकरी सोडून भिवापूरले काहून जाता?"

"मीही तेच म्हणून राहिलो. रिटायर व्हाले काही वर्षंच उरली. अन् काकूची दवाई इथं चालू आहे." काका रोशनीकडं वळले. या घराची पद्धतच होती. तिचा कुठला निर्णय काकांना विचारल्याशिवाय झाला नव्हता, आणि ती कमावती झाल्यापासून त्यांचाही तिला विचारल्याशिवाय होत नसे. बँकेत खातं कुठं काढू, काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन कुठं करू, सगळं तिला विचारून. "तू सांग वं. जाऊ का राहू?"

काय झालं असेल तिचं, विचार करा! 'जा' म्हणावं तर 'काहून' असं विचारतील. 'राहा' म्हणावं तर जीभ झडावी. कानात नुसता कूलरचा घुरघुराट. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि इतक्या वर्षांची जिभेची सवय तिच्याआधी बोलून गेली.

"भिंत आहे, काका."

बोलली आणि गारठली. तिकडं विचारलं काय होतं? ऑफिसचं काही विचारलं नव्हतं त्यांनी. त्यांच्या कंपनीत राहू का, एवढंच विचारलं होतं. आणि ही म्हणते, भिंत!

कौसल्याबाई हसली, तिला चेष्टा वाटली. काका हसले नाहीत. त्यांनी रोशनीकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. हातातला पाण्याचा गिलास तिरका करून उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. "बरं," म्हणाले, आणि चपला घालून गेले.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. मी सांगितलं का? नाही सांगितलं. कंपनीचं नाव घेतलं नाही, बंद होणार म्हणाले नाही. मग त्यांना कळलं का? कळलंच! मग हे सांगणं नाही तर काय? काका रोज आले, टाकी भरली, मिरच्या वाळल्या का विचारलं, गेले. भिवापूरचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिची विचारायची छाती झाली नाही. ते जातील असंही तिला हवं होतं आणि ते गेले तर आपलं काय होईल ही भीतीही होती. दोन्ही एकाच वेळी. अशा माणसाला डॉक्टर काय औषध देणार?

सोमवारी सकाळी कौसल्याबाई गॅसपाशी उभी राहून सहज म्हणाली, "भिवापूरले गेला म्हणे माणूस, काल सामान घेऊन." रोशनीच्या हातातली वेणी सुटली. गेले! न सांगता गेले. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच श्वासात वाटलं, संपलं, आता आपला नंबर. बॅग उचलून ती गाडीत बसली. गाडी चौकात वळली.

चौकात काका उभे होते. निळे कपडे, इस्त्री केलेले. त्यांनी हात हलवला.

गेला होता तो जितेंद्र नावाचा त्यांच्याच खात्यातला पोरगा. लग्नाला फार वर्षं नव्हती झाली, दोन लहान मुली, कंपनीत कच्च्या नोकरीवर. रोशनीनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. काकांनीच मारोतरावाला त्याचं नाव सुचवलं, असं संध्याकाळी काकूंकडून कळलं.

ती तडक अंगणात आली. काका नळाला पाइप लावत होते. "काका, तुमी काहून नाही गेले?" आवाज एवढा चढला की शेजारीण दारात आली.

"जितेंद्र जवान आहे. पोरी लहान आहेत त्याच्या."

"ते मले नका सांगू. तुमी काहून नाही गेले? तुमाले ना..." पुढं काय बोलणार? तुम्हाला ठाऊक होतं ना, असंच ना? रागानं, लाजेनं तिला रडू फुटलं.

काकांनी पाइप टाकीत सोडला, पाणी वाजायला लागलं. तिच्याकडं न बघताच म्हणाले, "भिंत आहे वं."

मे अखेरीचा कडक उन्हाचा नवतपा संपायच्या सुमारास बातमी फुटली. कारखाना विकला गेला, गेटवर नोटीस लागली. कित्येकांच्या तोंडचं पाणी पळालं, काहीजण गेटशीच बसून राहिले, बायका आल्या, चॅनेलवाले आले. काका सगळ्यांसोबत उन्हात उभे होते. शेवटच्या दिवशी लॉकरची किल्ली गेटवर देऊन ते बसनं घरी आले, निळे कपडे धुऊन दोरीवर टाकले. कायद्यानं जे मिळायचं ते मिळालं. काम मिळालं नाही. भिवापूरची जागा भरली होती आणि हिंगण्यात या वयाच्या फिटरला कोण विचारतंय!

रोशनीच्या ऑफिसात असं मोठं काम संपलं की शेवटची चौकशी होते. बातमी कुठून आधी फुटली तर नाही ना, एवढं बघायचं. प्रीतीनं तिला आत बोलावलं. स्क्रीनवर लंडनची एक बाई, पांढऱ्या केसांची, आवाजानं प्रेमळ. घोषणेच्या आधी हिंगण्यातून जे कुणी नोकरी सोडून गेले त्यांची नावं तिच्यापुढं होती. नेहमीची सोडासोड, पाच-सात नावं. तिनं एकेक वाचलं. "यांच्यापैकी कुणाला ओळखता?" जितेंद्रचं नाव आलं. "नाही. कधी भेटले नाही." खरं होतं.

तिथं बसल्या बसल्या तिला समजलं. त्या यादीत 'गणवीर, धम्मानंद' असतं, आणि बाईनं विचारलं असतं, राहतो कुठं, तर दोन गल्ल्या सोडून. सांगितलं की नाही हे कुणी विचारलं नसतं. तोंडानं नाही बोललं तरी पायानं बोललं जाते! पाइप हातात धरून ऐकलेला तो किस्सा काका विसरले नव्हते. म्हणून पाय हलवले नाहीत त्यांनी.

"झालं तर मग," बाई म्हणाली. "त्या कारखान्यात तुमचं तसं कुणी नव्हतंच."

"होतं," रोशनी म्हणाली.

प्रीती दचकली. "रोशनी, तू तर..."

"तुमच्या प्रश्नात ते बसत नव्हते म्हणून मी नाही म्हणाले. चूक झाली. धम्मानंद गणवीर. फिटर. माझे वडील आहेत ते. रक्ताचे नाहीत, पण वडील आहेत." एकदा बोलायला लागल्यावर तिची भीती कुठं गेली कोण जाणे. आता काय करायचं ते करा.

बाईनं नावांची यादी पुन्हा वरपासून पाहिली. मग तिनं विचारलं, "ते केव्हा सोडून गेले?"

"नाही गेले. शेवटच्या दिवशी लॉकरची किल्ली देऊन आले. अजून काम मिळालं नाही त्यांना."

बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "पुढच्या वेळी असं असेल तर आधी सांगा," ती हळूच म्हणाली. "पण यात काळजीचं काही नाही. त्या गृहस्थांना माहीत असतं तर ते थांबले असते का?" आणि तिनं पुढच्या माणसाला बोलवायला सांगितलं.

रोशनी घरी आली तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. हल्ली काका दिवसाही घरीच असत, त्यामुळं टाकी लवकर भरायला येत. घरच्या सदऱ्यात उभे होते, पाइप हातात. ती उंबऱ्यावर बसली.

"काका, आज ऑफिसात सांगितलं मी. तुमी माझे वडील आहे म्हणून."

काकांचा हात थांबला. "नोकरी गेली का वं?"

"नाही गेली. ती बाई म्हणाली, त्या गृहस्थांना माहीत असतं तर ते थांबले असते का?"

काकांनी टाकीत वाकून पाणी कुठवर आलं ते पाहिलं.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "कोण थांबते?" आणि त्यांनी नळ बंद केला.